फायब्रॉइडच्या गाठी: पिशवी काढावी, फक्त गाठ काढावी की एम्बोलायझेशन करावे?

प्रश्न: कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वय ४२ असून मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या दीड-दोन वर्षांपासून पाळीत अंगावरून फार जाते. पहिल्या तीन दिवसांत रक्ताच्या गुठळ्या पडतात आणि सलग दोन तासिका घेणे अशक्य होते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्यांनी सुरुवातीला फरक पडला, पण आता पडत नाही. हिमोग्लोबिन ७.८ पर्यंत उतरले आहे आणि जिना चढताना धाप लागते.

सोनोग्राफीच्या अहवालानुसार गर्भाशयात फायब्रॉइडच्या, म्हणजे स्नायूच्या साध्या, चार गाठी आहेत. सर्वांत मोठी साडेसहा सेंटिमीटरची असून ती मागच्या भिंतीच्या स्नायूत आहे, दुसरी अडीच सेंटिमीटरची गाठ गर्भाशयाच्या पोकळीत डोकावते आहे, आणि उरलेल्या दोन्ही दीड सेंटिमीटरहून लहान आहेत. आमच्या गावातील डॉक्टरांनी गर्भाशयाची पिशवी काढून टाकण्याचा सल्ला दिला. मिरजेच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून चारही गाठी काढता येतील असे सांगितले. पुण्यातील एका नातेवाइकाने रक्तवाहिनी बंद करण्याचा, म्हणजे एम्बोलायझेशनचा पर्याय सुचवला, त्याची इकडे कोणालाच फारशी माहिती नाही.

माझी मुलगी दहावीत आहे आणि पुन्हा गरोदर राहण्याचा विचार नाही. तरीही पिशवी काढायला मन तयार होत नाही, कारण माझ्या सासूबाईंची पिशवी पस्तिशीतच बीजांडकोशांसह काढली होती आणि त्यानंतर त्यांना हाडांचा जो त्रास सुरू झाला तो मी जवळून पाहिला आहे. या तीन उपायांची तुलना कोणत्या निकषांवर करावी, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद: रंकाळा

नमस्कार ताई. मी कोल्हापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. आपल्याला प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे अमुकच करा असे मी सांगणार नाही, पण निर्णय कसा घेतला जातो ते सांगू शकतो.

शस्त्रक्रियांची तुलना करण्याआधी चारपैकी कोणती गाठ रक्तस्राव घडवते आहे, हे ठरवायला हवे. अहवालात सर्वांत मोठ्या गाठीचा आकडा ठळक दिसतो आणि रुग्णाचे, नातेवाइकांचे, कधीकधी डॉक्टरांचेही लक्ष त्याच आकड्यावर खिळते. प्रत्यक्षात अतिरक्तस्रावाशी गाठीच्या आकारापेक्षा तिच्या जागेचा संबंध अधिक असतो. पोकळीत डोकावणारी अडीच सेंटिमीटरची गाठ जेवढे रक्त घालवते, तेवढे गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला लोंबणारी आठ सेंटिमीटरची गाठ बहुधा घालवत नाही.

फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली गाठींना त्यांच्या जागेनुसार ० ते ८ असे क्रमांक दिले. देठाने पोकळीत लटकणारी गाठ ०. पोकळीत असून निम्म्याहून कमी भाग स्नायूत असलेली १. निम्मा किंवा त्याहून अधिक भाग स्नायूत असलेली २. अस्तराला चिकटलेली पण पूर्णपणे स्नायूत असलेली ३. अस्तराला न लागता स्नायूतच असलेली ४. त्यापुढचे ५ ते ७ हे क्रमांक बाहेरच्या अंगाच्या गाठींचे आहेत आणि ८ मध्ये गर्भाशयमुखावरच्या वगैरे इतर गाठी येतात. आपल्या अहवालात हे क्रमांक नाहीत, आणि माझ्या मते पहिली उणीव तीच आहे. पोकळीत सलाइन सोडून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय केल्यास चित्र स्पष्ट होईल.

अडीच सेंटिमीटरची गाठ ० किंवा १ क्रमांकाची निघाली, तर पोटावर एकही छेद न घेता, योनीमार्गाने दुर्बीण आत घालून ती खरवडून काढता येते. याला हिस्टेरोस्कोपिक मायोमेक्टॉमी म्हणतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. क्रमांक २ ची गाठही याच मार्गाने निघते, पण कधीकधी दोन बैठका लागतात, आणि गाठीच्या बाहेर स्नायूचा थर फारच पातळ उरला असेल तर गर्भाशयाला भोक पडण्याचा धोका असल्याने हा मार्ग टाळला जातो. या शस्त्रक्रियेत पोकळी फुगवण्यासाठी जो द्रव सोडतात, त्यातील काही भाग रक्तात शोषला जातो. सलाइन वापरले असेल तर अडीच लिटरची तूट (सोडलेल्या आणि परत आलेल्या द्रवातील फरक) होताच, आणि ग्लायसिनसारखा क्षारविरहित द्रव असेल तर एक लिटरलाच थांबायचे, अशी मर्यादा साधारणपणे पाळतात, कारण त्यापुढे रक्तातील सोडियम उतरणे किंवा फुप्फुसात पाणी साठणे असे गंभीर प्रकार घडू शकतात. म्हणून ज्यांच्या शस्त्रक्रियागृहात द्रवाचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो, त्यांच्याकडेच ही शस्त्रक्रिया करावी.

मग साडेसहा सेंटिमीटरच्या गाठीचे काय? वारंवार लघवीला जावे लागणे, बद्धकोष्ठ, ओटीपोटात जडपणा यांपैकी काही त्रास आहे का, हे आपण लिहिलेले नाही. तसे काही नसेल आणि ती अस्तरापासून दूर असेल, तर तिला हात न लावता फक्त पोकळीतली गाठ काढणे हा चौथा पर्याय उरतो, जो आपल्याला तिघांपैकी कोणीच सांगितलेला दिसत नाही. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते आणि त्यानंतर या गाठी बहुतेक वेळा आपोआप आकसतात. मधल्या काळासाठी पोकळी मोकळी झाल्यावर संप्रेरक सोडणारी मिरेनासारखी कॉपर-टीच्या आकाराची साधने बसवता येतात. पोकळी वेडीवाकडी असताना ती बसवली तर निसटून पडण्याची शक्यता जास्त असते.

चारही गाठी काढायच्या ठरल्या तर पोटावर छोटे छेद घेऊन दुर्बिणीतून की पोट उघडून, हा प्रश्न येतो. दुर्बिणीत वेदना कमी होतात, रुग्ण लवकर घरी जातो आणि आतली चिकटणही कमी होते. मात्र स्नायूच्या खोलवरची गाठ काढल्यावर उरणारी पोकळी थराथराने शिवावी लागते, आणि दुर्बिणीतून शिवण्याचे कसब सर्वांकडे सारखे नसते. संख्येने खूप गाठी असतील तर पोट उघडून बोटांनी चाचपून काढलेल्या बऱ्या, कारण लहान गाठी दुर्बिणीत दिसत नाहीत. गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव बराच होऊ शकतो; तो आवरण्यासाठी गाठीभोवती व्हॅसोप्रेसिन टोचतात किंवा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आवळतात. शेवटी रक्त थांबलेच नाही, तर जीव वाचवण्यासाठी पिशवी काढावी लागू शकते. असे क्वचितच घडते, पण संमतिपत्रावर ते लिहिलेले असते आणि सही करण्यापूर्वी ते वाचलेले बरे. शिवाय गाठी पुन्हा होऊ शकतात. पाच वर्षांनी सोनोग्राफी केली तर बऱ्याच जणींना नव्या गाठी दिसतात, पण त्यांतल्या थोड्याच जणींना दुसरी शस्त्रक्रिया लागते.

विषय निघाला म्हणून सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये व्हिक्टर बॉनी नावाचे शल्यविशारद गाठींसाठी सरसकट पिशवी काढण्याच्या विरोधात उभे राहिले. त्यांच्या पत्नीचीच पिशवी तरुणपणी गाठीमुळे काढली गेली होती. गाठी काढताना रक्त रोखण्यासाठी त्यांनी तयार केलेला चिमटा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

पिशवी काढणे हा कायमचा उपाय आहे, हे मान्य करायलाच हवे: पाळी नाही, गाठ नाही, पुन्हा शस्त्रक्रिया नाही. पण तीही तीन वाटांनी होते: पोट उघडून, दुर्बिणीतून किंवा योनीमार्गे. योनीमार्गे पिशवी काढण्याची मुंबईत मोठी परंपरा आहे, डॉ. शिरीष शेठ यांचे या शस्त्रक्रियेतील काम जगभर ओळखले जाते. पोट उघडल्यास कामावर परतायला सहा आठवडे धरावेत. इतर दोन वाटांनी बहुधा त्याहून लवकर जाता येते. आपल्या सासूबाईंना झालेला त्रास मुख्यतः बीजांडकोश काढल्याचा असावा. बेचाळिसाव्या वर्षी बीजांडकोश निरोगी असतील तर ते ठेवावेत, असाच सर्वसाधारण संकेत आहे. बीजवाहिन्या मात्र पुढील कर्करोगाचा धोका कमी करण्यासाठी बऱ्याचदा काढतात. बीजांडकोश ठेवूनही पाळी थांबण्याची लक्षणे काहींना थोडी लवकर येतात, हेही लक्षात असू द्या.

यांपैकी काहीही करण्यापूर्वी ७.८ हे हिमोग्लोबिन वाढवावे लागेल. शिरेतून लोहाचे इंजेक्शन दिल्यास तीन-चार आठवड्यांत ते दोन ते तीन ग्रॅमने वाढू शकते आणि मग रक्त चढवण्याची वेळ बहुधा येत नाही. चाळिशीनंतरच्या अतिरक्तस्रावात गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून घेण्याचीही पद्धत आहे. तो तपासला नसेल तर डॉक्टरांना आठवण करून द्यावी.

प्रतिसाद: निशिगंध

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पुण्यात एम्बोलायझेशन करून घेतले. ही प्रक्रिया स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, आणि मला वाटते की ती अनेकींपर्यंत न पोहोचण्याचे एक कारण हेच असावे. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून ती गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांपर्यंत नेतात आणि तेथे वाळूसारखे बारीक कण सोडून गाठींचा रक्तपुरवठा तोडतात. सन १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉ. राव्हिना यांनी गाठींवरचा उपाय म्हणून याचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला होता.

टाके पडत नाहीत, पूर्ण भूल लागत नाही, रक्त जात नाही. हे सगळे खरे आहे. पण त्या रात्रीच्या वेदनांची कल्पना मला कोणीही पुरेशी दिली नव्हती. रक्त न मिळाल्याने गाठ मरू लागते आणि त्यामुळे कळा, मळमळ व ताप असा त्रास काही दिवस राहतो. गाठी नाहीशा होत नाहीत, काही महिन्यांत आकसतात. माझ्या सर्वांत मोठ्या गाठीचे आकारमान निम्म्याने कमी झाले आणि पाळी आटोक्यात आली. पोकळीत लटकणारी गाठ मात्र नंतर योनीमार्गे बाहेर पडू शकते आणि तेव्हा जंतुसंसर्गाची भीती असते, असे मला आधीच सांगितले होते.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे निर्णयापूर्वी आणि नंतरही अभ्यास वाचले. नेदरलँड्समधील एमी नावाच्या चाचणीत १७७ स्त्रियांना चिठ्ठी टाकावी तसे एम्बोलायझेशन किंवा पिशवी काढणे यांत विभागले होते. दहा वर्षांनंतर एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के स्त्रियांची पिशवी अखेर काढावी लागली. हाच आकडा उलटा वाचला तर जवळपास दोन-तृतीयांश स्त्रियांची पिशवी वाचली. ब्रिटनच्या फेमी चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, २५४ स्त्रियांमध्ये एम्बोलायझेशनची तुलना गाठी काढण्याशी केली होती. दोन वर्षांनंतर जीवनमानाचे गुण शंभरपैकी गाठी काढलेल्या गटात सरासरी ८४.६ आणि एम्बोलायझेशनच्या गटात ८०.० होते. शस्त्रक्रिया सरस ठरली, पण सुधारणा दोन्हीकडे झाली होती. एम्बोलायझेशननंतर पुन्हा काही उपाय करावा लागण्याची शक्यता जास्त आहे आणि त्या शक्यतेसह ते मला मान्य होते. ज्यांना पुढे मूल हवे आहे त्यांना मात्र हा पर्याय पहिल्यांदा सुचवला जात नाही.

प्रतिसाद: बालाघाट

बीड जिल्ह्यात आरोग्यविषयक काम करत असल्याने थोडे वेगळे मांडतो. येथे तुलना करण्याची संधीच बहुतेक बायांना मिळत नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड कापला जातो. अशा वेळी अंगावरून जाते म्हणून गेलेल्या बाईला, पिशवी ठेवली तर कर्करोग होईल, अशी भीती घालून पिशवी काढल्याच्या कहाण्या आम्ही असंख्य ऐकल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली समिती नेमली गेली, तेव्हा पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला.

कर्करोगाची भीती दाखवून घाई केली जात असेल तर ताईंनी तेथेच थांबावे, एवढेच माझे म्हणणे आहे. फायब्रॉइडची गाठ कर्करोगाची नसते.

प्रतिसाद: ओवी

बालाघाट यांनी लिहिलेले सर्व मान्य करूनही, पिशवी काढणे म्हणजे फसवणूकच असा समज या चर्चेतून होऊ नये असे वाटते. माझ्या गाठी आधी एकदा पोट उघडून काढल्या होत्या. त्या पुन्हा वाढल्या आणि हिमोग्लोबिन पुन्हा सहावर आले. त्यानंतर मी स्वतः विचार करून, बीजांडकोश ठेवण्याची लेखी अट घालून, दुर्बिणीतून पिशवी काढून घेतली. ती काढल्याने बाईपण संपते, वजन वाढते, संसारात गोडी राहत नाही, असे बरेच काही नात्यातल्या बायकांनी ऐकवले होते. माझ्या बाबतीत त्यातले काहीच झाले नाही. उलट प्रवासाला निघताना पाळीची तारीख पाहण्याची सवय सुटली. पिशवी तीस वर्षांच्या बाईला भीती घालून काढणे आणि दुसऱ्यांदा गाठी झालेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने स्वतः मागून काढून घेणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रंकाळा सरांनी विचारलेला त्रास मला नाही. लघवी आणि शौच व्यवस्थित आहे, केवळ रक्तस्राव हीच तक्रार आहे. दोन शंका आहेत. दुर्बिणीच्या छोट्या छेदातून साडेसहा सेंटिमीटरची गाठ बाहेर कशी येते? आणि शस्त्राशिवाय ध्वनिलहरींनी गाठ जाळतात असे वाचले, ते माझ्यासाठी योग्य आहे का?

प्रतिसाद: रंकाळा

आपला पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो रुग्ण सहसा विचारत नाहीत. मोठी गाठ पोटातच तुकडे करून काढली जाते आणि त्यासाठी मॉर्सेलेटर हे फिरत्या पात्याचे यंत्र वापरतात. फायब्रॉइड समजून काढलेली गाठ क्वचित प्रसंगी सार्कोमा (एक प्रकारचा कर्करोग) निघते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी तो खात्रीने ओळखणारी तपासणी उपलब्ध नाही. अशा गाठीचे तुकडे पोटात उडाले तर कर्करोग पसरतो. बॉस्टनच्या भूलतज्ज्ञ डॉ. एमी रीड यांच्या बाबतीत २०१३ साली असेच घडले. त्यांनी आणि त्यांच्या पतीने नेटाने केलेल्या पाठपुराव्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये या यंत्राबाबत इशारा दिला. रीड २०१७ साली वारल्या. २०१४ च्या त्या इशाऱ्यात प्रशासनाने असा छुपा सार्कोमा असण्याचा अंदाज सुमारे साडेतीनशे शस्त्रक्रियांत एक इतका वर्तवला होता. नंतरच्या काही आढाव्यांत तो बराच कमी आला आहे. आता गाठ आधी एका बंद थैलीत घालून त्या थैलीतच तुकडे करण्याची पद्धत आहे. आपल्या सर्जनना स्पष्ट विचारा की तुकडे थैलीत करणार की उघड्यावर. बालाघाट यांचे विधान बरोबरच आहे. फायब्रॉइडचा कर्करोग होतो म्हणून पिशवी काढा, असे सांगणे चूक आहे. पण न ओळखलेल्या सार्कोमाची दुर्मीळ शक्यता ही वेगळी बाब आहे आणि तिचा संबंध गाठ कशी बाहेर काढतात याच्याशी आहे.

केंद्रित ध्वनिलहरींच्या उपायाला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. एमआरआयच्या नजरेखाली, त्वचा न कापता गाठ तापवून निकामी केली जाते. ही सोय मोजक्या मोठ्या शहरांतच मिळते, गाठींची संख्या व जागा यांच्या बऱ्याच अटी असतात, आणि पुन्हा उपाय करावा लागण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आहे. आपल्याकडे पोकळीतल्या गाठीवर याहून सरळ उपाय असताना मी त्या वाटेला जाण्याचे सुचवणार नाही.

दाबाचा त्रास नाही, हे कळल्यावर माझा कल अधिक स्पष्ट झाला आहे. अडीच सेंटिमीटरची गाठ ० ते २ क्रमांकाची असेल, तर आधी लोह भरून घ्यावे, मग तेवढीच गाठ योनीमार्गे काढावी, अस्तर तपासणीसाठी पाठवावे, आणि साडेसहा सेंटिमीटरच्या गाठीवर सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफीने लक्ष ठेवावे. रक्तस्राव थांबला नाही तर एम्बोलायझेशन, मोठी गाठ काढणे आणि पिशवी काढणे हे तीनही मार्ग तेव्हाही खुले असतील. पण ती गाठ ३ क्रमांकाची किंवा त्यापलीकडची निघाली, किंवा मोठी गाठही अस्तराला टेकलेली असली, तर हा क्रम बदलेल आणि मिरजेच्या डॉक्टरांचा सल्ला अधिक योग्य ठरू शकेल. एमआरआय झाल्यावर गाठींचे क्रमांक आणि बाहेरच्या थराची मिलिमीटरमधली जाडी येथे लिहा, म्हणजे पुढचे बोलता येईल.